कुडे, कोर्लई, चौल : एका सहलीतील भाषेचा पाठ

गेल्या पौषात आमच्या शाळेतील नववीची अठरा मुले आणि दोन शिक्षिका यांच्यासह कोकणात एक दिवसाची ऐतिहासिक सहल काढण्याचा योग आला. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने पनवेल, तेथून बसने कुड्याची लेणी, मग कोर्लईचा किल्ला आणि सायंकाळी रेवदंडा-चौल, असा कार्यक्रम आखला होता. वाट दाखविण्यास रोह्याचे एक सेवानिवृत्त शिक्षक आनंदाने आले. त्यांना मुले पहिल्या तासातच ‘गुरुजी’ म्हणू लागली. सहलीचे वर्णन लिहावे असा माझा मूळ विचार नव्हता. लेणी, किल्ला आणि बंदर यांच्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्या एका दिवसात भाषेसंबंधी जो पाठ मिळाला, तो महाराष्ट्राबाहेर राहून मराठीचा संसार सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहे.

कुडे हे गाव रायगड जिल्ह्याच्या तळे तालुक्यात, राजपुरीच्या खाडीचा एक फाटा जेथवर आत शिरला आहे त्या टोकाशी वसलेले आहे. जवळचे मांदाड म्हणजेच ग्रीक दर्यावर्दी ज्याला ‘मंदगोरा’ म्हणत ते प्राचीन बंदर असावे, असे काही अभ्यासक मानतात. टेकडीच्या अंगावर दोन स्तरांत मिळून सव्वीस बौद्ध लेणी आहेत. अजिंठ्याची रंगसंपदा येथे नाही, कार्ल्याच्या चैत्याची भव्यताही नाही. बहुतेक लेणी म्हणजे एक ओसरी, एक खोली आणि भिक्षूला पाठ टेकण्यापुरता दगडी ओटा. सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह तेवढे मोठे आहे. त्याच्या दर्शनी भागी दगडात कोरलेले हत्ती होते, ते आता भंगलेले आहेत. आतल्या बुद्धमूर्ती मागाहून, पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास कोरल्या गेल्या.

कुड्याचे खरे धन तेथील शिलालेखांत आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेले हे लेख दात्यांची नावे सांगतात, आणि हे दाते बहुधा सामान्य माणसे होत. महाभोज मांदव खंदपालित या स्थानिक सत्ताधीशाचा लेखनिक शिवभूती याने एक लेणे दिले. त्याचा धाकटा भाऊ शिवम याने पत्नी विजया आणि मुलेबाळे यांच्यासह चैत्यगृहाचे दान केले. सोमदेव नावाच्या वैद्याने एक लेणे दिले. दात्यांत एक माळी आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, एका ब्राह्मण उपासकाची पत्नी आहे आणि पदुमणिका नावाची भिक्षुणी आपल्या शिष्यिणींसह आहे. ज्या महाभोजाची एके काळी या खाडीवर सत्ता होती, त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते प्रामुख्याने त्याच्या पदरच्या माणसांनी दान देताना धन्याचा उल्लेख केला म्हणून! इतिहासाचा हा न्याय मुलांना मोठा गमतीचा वाटला.

गुरुजींनी ओसरीतल्या एका लेखावर बोट न टेकविता, हातभर अंतरावरून एकेक अक्षर दाखवीत वाचले. ‘देयधम’ हा शब्द येताच त्यांनी ‘देयधर्म, म्हणजे धर्मदाय’ असा अर्थ सांगितला. पुढचा शब्द होता ‘लेण’. त्याचा अर्थ सांगण्याची आवश्यकताच पडली नाही. दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्याला या काळच्या लेखांतून ‘पोढि’ म्हटलेले आढळते, आणि ‘पाण्याची पोढी’ हा शब्द लेणी व गड पाहणाऱ्यांच्या तोंडी आजही आहे. तेव्हा आमच्या वर्गातील एका मुलाने विचारले, “गुरुजी, म्हणजे ही मराठीच का?” गुरुजी म्हणाले, “मराठी नव्हे, बाळ. पण मराठी जिच्या पोटी जन्मली, ती हीच. तुझ्या पणजीची पणजी म्हण हवे तर.”

दिनांक ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच निर्णयात प्राकृतालाही तो मिळाला. त्या दिवशी आमच्या शाळेत आम्ही पेढे वाटले होते. त्या अभिजाततेचा आधार म्हणजे नक्की काय, हे मुलांना मी वर्गात फळ्यावर सांगितले होते. कुड्याच्या ओसरीत ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परंतु त्याच वेळी माझ्या मनात एक शंकाही उभी राहिली. हा लेख कोरणाऱ्याची भाषा दगडात राहिली, पण ती बोलणारा आज कोणी नाही. तिची जी लेक जगली, ती दगडाच्या बळावर जगलेली नाही.

दुपारी रोह्यावरून साळावमार्गे कोर्लईस आलो. कुंडलिकेच्या मुखाशी एक अरुंद डोंगरसोंड समुद्रात शिरली आहे. तिच्या एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी, आणि माथ्यावर टोकापर्यंत किल्ल्याची तटबंदी. या टेकडीला पोर्तुगीज ‘मोरो’ म्हणत. खाडीच्या पलीकडे रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. अहमदनगरच्या निजामशाहीकडून अनुज्ञा मिळवून १५२१ ते १५२४ च्या दरम्यान त्यांनी तेथे कोट बांधला. १५७०–७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने त्यास वेढा घातला, पण कोट पडला नाही. पुढे निजामशाहीने समोरच्या या टेकडीवर आपली तटबंदी उभारली, तेव्हा रेवदंड्याच्या उरावर जणू तोफच रोखली गेली. ती पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकून घेतली. आज वर चढून गेले म्हणजे आडव्या भिंतींनी विभागलेले किल्ल्याचे भाग, एकामागून एक येणारे दरवाजे, गोड्या पाण्याचे टाके, छप्पर गेलेले प्रार्थनामंदिर आणि काही पोर्तुगीज शिलालेख दृष्टीस पडतात. तोफाही आहेत. त्यांच्यावर बसून छायाचित्रे काढून घेण्यास मी मुलांना मनाई केली, हे त्यांना विशेष रुचले नाही.

कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून गेली ती मराठ्यांच्या फिरंगाणावरील मोहिमेमुळे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, हे शाळेतील प्रत्येक मूल जाणते. त्याच मोहिमेची शेवटची गाठ १७४० च्या तहाने बसली. मराठ्यांनी गोव्यातील साष्टी प्रांतातून आपली फौज काढून घ्यावी आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीजांनी चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन करावी, असे त्यात ठरले. तहाचा हा अर्थ सरळ आहे. साष्टी पोर्तुगीजांकडे राहिली, चौल-कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज अधिकारी, सैनिक आणि धर्मगुरू गलबतांतून निघून गेले. मागे राहिली ती कोर्लईच्या पायथ्याची गरीब ख्रिस्ती माणसे, ज्यांना गलबतात जागा नव्हती आणि जाण्यास दुसरा गावही नव्हता.

किल्ला उतरून आम्ही त्या वस्तीत आलो. गुरुजींची तेथे ओळख होती. एका घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. आम्हांला पाहून त्यांनी मराठीत “या, बसा” म्हटले, आणि लगेच आतल्या नातवाला पाणी आणण्यास हाक मारली. ती हाक मराठी नव्हती, कोंकणीही नव्हती. मुले एकदम स्तब्ध झाली. ती कोर्लईची बोली होती. सत्ता गेल्यास पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी या एका गावात सुमारे हजारभर माणसे पोर्तुगीजातून निपजलेली एक संकरित बोली आजही घरात बोलतात. “मावशी, तुमच्या भाषेला काय म्हणता?” असे आमच्या एका मुलीने विचारले. त्या म्हणाल्या, “नो लिंग. म्हणजे आमची भाषा.” तिने पुन्हा विचारले, “ती लिहिता का?” मावशी हसल्या. “लिहायची कशाला, पोरी? बोलायची.”

क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या बोलीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. त्या अभ्यासातून दिसणारी एक गोष्ट आपण मराठीच्या शिक्षकांनी अवश्य ध्यानी घ्यावी. बोलीतील शब्द बहुतांशी पोर्तुगीज मूळचे आहेत, पण वाक्याची घडण मराठीकडे झुकलेली आहे. पोर्तुगीजात क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसू लागले. विटा एका देशाच्या, बांधणी दुसऱ्या देशाची, असे हे घर आहे. उलट आपणही या देवघेवीत कोरडे राहिलो नाही. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेले, बादली, फीत हे शब्द पोर्तुगीजातूनच आपल्याकडे आले, आणि त्यांच्याविना आपला एक दिवस जात नाही.

या ठिकाणी गोव्याचा दाखला देणे अगत्याचे आहे. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षे होती. १६८४ मध्ये तेथील व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूमच काढला. हुकमामागे सारी राजसत्ता होती. तरीही लोकांच्या घरातून कोंकणी गेली नाही, आणि देवळांतून, कीर्तनांतून, पोथ्यांतून मराठी गेली नाही. ज्या साष्टीत फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, त्याच साष्टीत सामान्य घरात पोर्तुगीज रुजली नाही. उलट कोर्लईत १७४० नंतर पोर्तुगीजासाठी ना हुकूम, ना शाळा, ना छापखाना. आणि ती तेथे टिकली! राजाज्ञेने भाषा घरात शिरत नाही, आणि राजसत्ता गेली म्हणून घरातून निघतही नाही. उंबऱ्याच्या आत काय बोलावे हे ठरविणारा अधिकारी निराळाच आहे.

मात्र या गोष्टीचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. कोर्लईची बोली टिकली त्याला निष्ठेइतकीच एकाकीपणाची साथ होती. भोवतालच्या समाजापासून धर्माने वेगळे, मूळ सत्तेपासून तुटलेले, दारिद्र्याने गावाशी बांधलेले असे हे लोक एकमेकांतच राहिले. आज रस्ता झाला, पूल झाला, मुले मराठी आणि इंग्रजी शाळांत जातात, तरुण कामासाठी मुंबईस जातात. मावशींच्या नातवाने पाणी आणून दिले आणि आजीला उत्तर दिले, ते मराठीतच. मला ते ऐकून प्रथम मराठीचा शिक्षक म्हणून बरे वाटले, आणि दुसऱ्याच क्षणी त्या बरे वाटण्याची लाज वाटली.

निघताना मावशींनी मला विचारले, “सर, तुमच्या गावात सगळे गुजराती ना? मग तुमची पोरं घरात काय बोलतात?”

हा प्रश्न माझ्यासाठी होता, पण उत्तर आमच्या वर्गातील एका मुलीने दिले. “आई-बाबा मराठीत बोलतात. मी उत्तर गुजरातीत देते. कधी कधी हिंदीत.” तिने हे कोणतीही खंत न बाळगता, सहज सांगितले. मावशींनी मान हलविली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होते. मी काहीच बोललो नाही. मराठी शाळेचा मुख्याध्यापक असूनही माझ्या मुलाला मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले होते, हे माझ्या सहकाऱ्यांना माहीत आहे. त्या वेळी त्यासाठी माझ्याजवळ पुष्कळ कारणे होती, आणि ती सगळी खोटी होती असेही नाही. परंतु कोर्लईच्या ओट्यावर त्यांतले एकही कारण मला सांगवले नाही.

वस्तुतः बडोद्याचे आपण मराठी लोक आणि कोर्लईचे हे ख्रिस्ती लोक यांच्यात एक विलक्षण साम्य आहे. अठराव्या शतकाच्या त्याच दशकांत, कोर्लईतून एक सत्ता ओसरत असता, गायकवाडांच्या पाठोपाठ आपले पूर्वज बडोद्यात स्थिर होत होते. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या खळग्यात पाणी राहावे, तसे आपण राहिलो. इंदूर, ग्वाल्हेर येथील वाचकांस हे निराळे सांगावयास नको. आपल्याही मराठीत भोवतालच्या भाषेची वळणे आली आहेत, आणि पुण्याचा पाहुणा आपल्या वाक्यावर गालातल्या गालात हसतो, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकास आहे. त्या वळणांचे मला आता भय वाटत नाही. कोर्लईच्या बोलीने वाक्याची सारी रचना बदलून घेतली, तरी ती जगली. वळण बदलल्याने भाषा मरत नाही. आई मराठीत विचारते आणि मूल दुसऱ्या भाषेत उत्तर देते, तेथे ती मरू लागते.

उन्हे कलता कलता पूल ओलांडून आम्ही रेवदंड्यास पोचलो. कोटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. मधूनच एखादी कमान, एखादी पडकी भिंत डोके वर काढते. फ्रान्सिस्कन मठाचा उंच मनोरा तेवढा उभा आहे. लोक त्याला ‘सातखणी’ म्हणतात, परंतु सातही खण काही आता उरलेले नाहीत. लागूनच असलेल्या चौलची कीर्ती तर या कोटाहून कितीतरी जुनी आहे. टॉलेमीला ते ‘सिमुल्ला’ म्हणून ठाऊक होते, कान्हेरीच्या लेखांत ते ‘चेमुल’ आहे, आणि दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेला अरब प्रवासी अल-मसूदी त्याला ‘सैमूर’ म्हणतो. पंधराव्या शतकात रशियातील त्वेर नगराचा व्यापारी अफनासी निकितिन एक घोडा घेऊन येथेच उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात उभारलेले आहे. १५०८ मध्ये चौलच्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा कामी आला. एवढ्या भाषांचे लोक ज्या धक्क्यावर उतरले, ते बंदर मुंबईच्या उत्कर्षानंतर मागे पडले. आता तेथे संध्याकाळी मासे घेऊन परतणाऱ्या होड्या आणि वाळूत खेळणारी मुले आहेत.

येथून निघण्यापूर्वी गुरुजींनी आम्हांला रेवदंड्याचे बेने इस्रायली लोकांचे प्रार्थनामंदिर बाहेरून दाखविले. नौका फुटून आपले पूर्वज याच किनाऱ्याला लागले, अशी या ज्यू समाजाची परंपरागत समजूत आहे. तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांनी आपला धर्म सोडला नाही, पण घरातली भाषा मात्र मराठी केली, आणि १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएलला गेले तेव्हा ती बरोबर नेली. तेथून त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. खाडीच्या एका काठावर नवा धर्म घेऊन जुन्या राज्यकर्त्यांची भाषा घरात जपणारे लोक, आणि दुसऱ्या काठावर जुना धर्म जपून भोवतालची मराठी आपली करणारे लोक! दोघांपैकी कोणालाही कुणी हुकूम केला नव्हता. रोज ज्या भाषेत जेवायला हाक मारली गेली, ती त्यांची भाषा झाली.

परतीच्या प्रवासात मुलांना मी एकच काम दिले. घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या किंवा शेजारच्या वृद्धांच्या तोंडचे असे दहा शब्द लिहून आणावयाचे, जे त्यांना समजतात पण ते स्वतः वापरीत नाहीत. आठवड्याने वह्या आल्या. त्यांत स्वयंपाकघरातील भांडी होती, नात्यांची नावे होती, देवघरातील वस्तू होत्या, आणि काही अस्सल बडोदी शब्द असे होते की ते मला कोणत्याच कोशात सापडले नाहीत. ज्या मुलीने कोर्लईत उत्तर दिले होते, तिने दहाऐवजी एकतीस शब्द आणले होते. “आजी थांबेचना,” ती म्हणाली.

आपल्या परिषदेपुढे एक नम्र सूचना ठेवून हा लेख पुरा करतो. आपण संमेलने भरवितो, पुरस्कार देतो, स्पर्धा घेतो. ते सर्व असावे. आमच्या बडोद्यानेच १९०९ पासून २०१८ पर्यंत अनेकदा साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषविले, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्याच्या जोडीस प्रत्येक केंद्राने आपल्या गावच्या मराठीची नोंद हाती घ्यावी. वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, शब्द टिपावेत, आणि हे काम मुलांकडून करवून घ्यावे, म्हणजे त्या निमित्ताने मूल आजीजवळ बसेल. कोर्लईच्या बोलीचा ग्रंथ लिहिण्यास सातासमुद्रापलीकडून माणूस यावा लागला. आपल्या बोलींसाठी तशी वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि शाळेबाहेरची एक गोष्ट. माझा मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला असतो. आम्ही भ्रमणध्वनीवर एकमेकांस जे चार शब्द लिहितो, ते आजवर इंग्रजीतच लिहीत आलो. घरी पोचल्याच्या रात्री मी त्याला देवनागरीत लिहिले, “सुखरूप पोचलो. तू जेवलास का?” उत्तर रोमन अक्षरांत आले, पण शब्द मराठी होते. त्यावर मी शुद्धलेखनाची एकही चूक काढली नाही.